आमराईत सात वेळा शामा

कव्हाटोला, ता. अर्जुनी मोरगाव
१४ जुलै २००८

रीना मॅडम,

जयभीम.

आधी मी तुमाले ताई म्हनत होती. या पत्रात नाई म्हनत. काऊन नाई म्हनत ते वाचलं का समजते.

तुमचा कागद गावात आला. दोन उन्हाळे तुमी आमच्या जंगलात काम केलं, वन समितीनं परवानगी देल्ली, म्हनून समितीले मराठीत एक पान लिहून पाठवा लागलं तुमाले. 'दयाळ आणि शामा : दोन जवळच्या पक्ष्यांची तुलना.' केशोरावकाका समितीचे अध्यक्ष, त्यायनं ते पान पंचायतीच्या बोर्डाले चिकटवलं. सारं गाव वाचून राहिलं. मी बी वाचलं. आठवी पास आहो, वाचता येते मले. बोलता येत नाई तेवढंच. तुमीच म्हनलं होतं ना पहिल्या दिवशी, का अल्का, नववीत सरनं उभं केलं अन् तुह्या तोंडातून शब्द निघाला नाई म्हनून तू शाळा सोडली, तं सोडली. जंगलात बोलाचं काम नाई, पाहाचं काम हाये.

मी पाह्यलं. दोन उन्हाळे पाह्यलं. अन् तुमी काय लिहलं?

खालून सहावी ओळ. मले पाठ झाली. 'शामा हा दाट बांबूच्या जंगलातील पक्षी मानला जातो. परंतु अनुसयाबाई यांच्या आमराईत तो सात वेळा नोंदला गेला. यावरून तो दयाळाप्रमाणे गावालगतच्या झाडीतही राहू शकतो असे दिसते.'

कोनाले दिसते? कोन देखलं? मी नाई देखलं. तुमी नाई देखलं. अनुसयाबाईले इचारलं का? तिच्या आमराईत पान हाललं तरी ती बाहेर येते.

मॅडम, तेवीस घरं सापडवली मी. शामाची नऊ, सारी नाल्यावर. दयाळाची चौदा, सारी गावात नाईतं धानाच्या बांधीच्या काठावर. एक बी इकडचं तिकडं नाई. चुलतभाऊ असतीन दोघं, मी मानते. दोघंबी झाडाच्या ढोलीत घर करते. दोघायचे पिल्लं ठिपक्याठिपक्याचे, मी सवता दोनदा फसली. पन दयाळ हा गावातला गडी हाये. शाळेच्या भिताडातल्या पाइपात घर करते, लाइटच्या खंब्यावर बसून गाते, खालून बैलबंडी गेली तरी थांबत नाई. शामा बांबूच्या आत राहते. गाते तं असं गाते का आपले पाय थांबते, पन देखासाठी दोन-दोन घंटे बसा लागते, अन् दिसला म्हनता म्हनता ते लंबी शेपटी झटकून गायब. हे सारं माह्या वहीत हाये. वही तुमच्याजवळ हाये.

आता आयका काय झालं. केशोरावकाकाले नाला साफ कराचा हाये. जुने ढोलीवाले झाडं अन् बांबू काढून सागवान लावाचं. दोन वर्सापासून उदाराम अन् दोन-चार जन आडवे येऊन राह्यले, का नाल्यातलं पाखरू कुठं जाईल. आता तुमचा कागद आला. काल मी बोर्डाजवळ उभी होती तं केशोरावकाका म्हनते,

"वाचलं का वं अल्का? तुह्या मॅडमनंच लिहून देल्लं. पाखराले आमराई बी चालते म्हने. मंग नाला काढला तं त्याचं काय जाते?"

सेवकरामकाका म्हनते, "काई जात नाई जी. बिऱ्हाड उचलन अन् अनुसयाबाईच्या घरी येईन राहाले. ती काय हाकलून देईन?"

सारे हासले. मी घरी आली अन् लिहाले बसली.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव हाये. ठराव पास झाला का डिसेंबरात कुऱ्हाड. तुमचं पान त्या ठरावाले जोडलं हाये. ते ओळ खोडा. समितीले दुसरा कागद पाठवा, का आमराईत शामा नाई. एवढंच.

धानाचा रोवना चालू हाये, बोटं चिखलानं फुगले, अक्षर खराब आलं. वाचून घ्या.

अल्का


५ ऑगस्ट २००८

रीना मॅडम,

तुमचं पत्र पावलं. टाइप केल्लं हाये. दोन वर्सं एका डब्यात जेवलो आपन, अन् मले टाइप केल्लं पत्र.

तुमी दोन चित्रं पाठवले. गान्याचे चित्र. एक नाल्यातल्या शामाचं, एक आमराईत गानं भराले टेप बांधत होतो त्यातलं. काळे-काळे डोंगर काढल्यासारखे. खाली लिहलं का मशीननं दोन्ही जुळवले, जवळपास सारखेच निघाले. अन् त्याच्या खाली तुमी लिहलं, 'अल्का, यंत्राला कुणाबद्दल माया नसते. तुला नाला आवडतो म्हणून तुला तसं वाटतं. तुझं मन मला समजतं.'

माहं मन नोका समजू. शामाले काय लागते ते समजा.

तुमाले आठवते का तो काय खाते? खाली उतरून वाळल्या पानात किडे उलटवते. नाल्यात गुडघाभर पाला हाये. अनुसयाबाईची आमराई देखली ना तुमी? ती रोज सकाळी झाडते. जमीन कशी, तं आमच्या घरच्या सारवल्या आंगनावानी. तिथं दयाळ खाईन, त्याले मोकळ्या जागी टुनटुन फिराले आवडते. शामा काय खाईन? खराटा?

अन् आमराईत बांबूचं एक बेट नाई. ढोलीचा एकच आंबा हाये, त्यात दयाळ हाये, आतापासून नाई, मी लहान होती तवापासून. दुसऱ्या कोनाले तो फांदीवर बसू देत नाई. कावळ्याच्या अंगावर जाते तो.

टेप कोन आयकलं, ते बी तुमच्याच पत्रात हाये. बंगलोरातले दोन विद्यार्थी. त्यायनं कानाले लावून मोजलं, मंग मशीनले देल्लं. त्यायनं जिंदगीत कधी शामा देखला? तुमी सवता आयकलं का? मले वाटते नाई आयकलं. तुमी आयकलं असतं तं तुमाले काईतरी खटकलं असतं. तुमचे कान चांगले होते. मले कान लावाले तुमीच शिकवलं.

केशोरावकाका आता जिथं-तिथं तुमचं नाव घेऊन राह्यले. दुकानात उदारामले म्हनते, "तू टोपल्या विनतं, तुले बांबू पायजे, पाखराचं नाव कायले पुढं करतं? शिकल्या-सवरल्या बाईनं लिहलं ते खोटं अन् तुहं खरं?" उदाराम उठून निघून गेला. मी तिथं तेल घ्याले गेली होती. तेल घेऊन मी बी घरी आली.

मॅडम, एक सांगते. टेपमधे शामाचं गानं हाये, हे मी नाई म्हनत नाई. पन आमराईत शामा नोहता. दोन्ही गोष्टी खऱ्या हायेत. कसं, ते इचारू नोका. ओळ खोडा.

अल्का


२२ ऑगस्ट २००८

रीना मॅडम,

इचारू नोका म्हनलं तं तुमी खरंच नाई इचारलं. सतरा दिवस झाले. कोनी असं लिहलं तं मी रातोरात इचारलं असतं. मंग मीच सांगते, अन् कोनाले सांगू नोका.

टेपमधे मी आहो.

मी सिटी वाजवते. तुमाले माहीत नोहतं. कोनालेच माहीत नाई. नाल्यात घंटा-घंटा बसून राहाचं, हालाचं नाई, बोलाचं नाई. मले बोलाचं तसंबी नोहतं. पहिले दातातून हवा सोडली. मंग ओठ गोल केले. पहिला उन्हाळा गेला नुसता फुसफुस करन्यात. दुसऱ्या उन्हाळ्यात शामा माह्याकडं वळून पाहाले लागला. मंग त्याचं ते वरून खाली येनारं, मंग अटकनारं, मंग पुन्हा चढनारं, सारं जमाले लागलं. मोठं वाजवलं का बांबूच्या आतून तो जवाब देऊन राहिला. मॅडम, मानसायपुढं माहा आवाज निघत नाई, पन ते निघाले लागलं.

तुमाले सांगतलं नाई कारन तुमी मायले सांगतलं असतं, कौतुकानं सांगतलं असतं. अन् मायनं मले ठेवलं नसतं. आमच्या घरी पोरीच्या जातीनं सिटी वाजवली तं तोंडावर बसते. लहानपनी एकदा बसली हाये. सिटी वाजवनारी पोरगी म्हंजे रस्त्यावरच्या पोट्ट्यायले बोलावनारी, असं म्हनते ती.

आता आमराईचं. तुमी मले काम देल्लं होतं, सकाळी सहाले टेप आंब्याच्या फांदीले बांधाचा, बटन दाबाचं, अन् दूर जाऊन बसाचं. मी बोडीच्या पाळीमागं, पान्याच्या बाजूनं बसत होती. अर्ध्या घंट्यानं कॅसेटची एक बाजू सरते अन् टेप आपोआप बंद होते. बाबाची घडी मनगटाले बांधून मी अर्धा घंटा मोजत होती. बरोबर मोजत होती. मंग टेप बंद झाला म्हनून मी माहं काम करत होती.

माहं काम काय, ते बी सांगते. मले पाहाचं होतं का दयाळ शामाले वळखते का. तुमी म्हनत होता ना, लई जवळचे पक्षी हायेत, एकाच घरान्यातले. मंग मी पहिले दयाळाचं गानं वाजवलं. बापा! ढोलीतून निघाला तो डायरेक्ट माह्या डोक्यावर. शेपटी उभी, पंख फुगवून, भांडाले तयार. दुसरा दयाळ आला म्हनून. मंग तो शांत झाला का मी शामाचं वाजवलं. तं तो आपल्या फांदीवर, मान वाकडी करून एकदा पाह्यलं, अन् आपलं गानं चालू. आलाच नाई. सात दिवस वाजवलं, सातही दिवस तसंच.

म्हंजे दयाळ दोघायचं गानं वेगळं वळखते, अन् तुमच्या मशीनले मी अन् शामा वेगळं नाई समजलं.

चूक कुठं झाली, तं दुसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्यात तुमी अर्जुनीहून नव्या कॅसेटी आनल्या, त्या नव्वदच्या होत्या. आधी साठच्या होत्या. नव्वदची एक बाजू पाऊन घंटा चालते. तुमी मले सांगतलं नाई. मी डबा देखला नाई. तुमचा कागद बोर्डावर लागला त्या दिवशी तुमची राह्यलेली पेटी उघडली, अन् रिकाम्या डब्यावर ९० देखलं. तवाच समजलं मले.

म्हंजे पहिलं पत्र लिहलं तवा मले माहीत होतं. माहीत असून मी तुमच्यावर तनतन केली अन् माहं झाकून ठेवलं. ते माहं चुकलं.

पन माहं चुकलं म्हनून तुमचं बरोबर होत नाई. मी खोडी केली नोहती, मी माहं पाहून राहिली होती. तुमी एकदा इचारलं असतं, अल्का, आमराईत शामा देखला का, तं मी मान हालवून नाई म्हनली असती. एवढं तं मले येते. तुमी बंगलोरातल्या पोट्ट्यायले इचारलं, मशीनले इचारलं, अन् जी रोज तिथं बसत होती तिले नाई इचारलं.

तुमाले खरं वाटत नसन तं कॅसेटी काढा. सात वेळा शामा. सातही वेळा अर्ध्या घंट्याच्या नंतर. एक बी त्याच्या आधी नाई. पाखरू काय घडी पाहून गाते? अन् दयाळ मोजले असतीन त्यातलेबी काई मीच आहो, ते बी मोजून घ्या.

आनखी एक हाये. त्या सात दिवसात अनुसयाबाईनं सिटी आयकली. तिची सून टीना तवाच नवीन आली होती, सकाळी आंगनात राहे. अनुसयाबाईले वाटलं, कोनी पोट्टा सुनेले सिटी मारून राहिला. तिनं देवानंदचं नाव घेतलं, कारन तो सकाळी ट्रॅक्टर घेऊन तिकडून जाते. पंचायतीपुढं उभं केलं त्याले. तो म्हने, "माह्या तोंडात सकाळी तंबाखू-सुपारीचा खर्रा राहते वो मावशी, सिटी कुठून वाजन?" कोनी आयकलं नाई. कान पकडाले लावले. मी मागं उभी होती. तुमीबी होत्या. तुमी हासल्या होत्या.

आता तरी दुसरा कागद पाठवा. माहं नाव टाकू नोका. 'टेपच्या कामात चूक झाली, आमराईत शामा आढळला नाही' एवढं लिहलं तरी होते.

अल्का


२० सप्टेंबर २००८

मॅडम,

तुमचं दुसरं पत्र आलं. हे हातानं लिहलं हाये. हातानं लिहलं म्हनून मले वाटलं का आता काईतरी चांगलं असन.

'तू म्हणतेस ते खरं आहे. मी स्वतः ऐकलं. सातही नोंदी तीस मिनिटांनंतरच्या आहेत. पण प्रबंध जमा झाला आहे आणि डिसेंबरमध्ये तोंडी परीक्षा आहे. आता त्या नोंदी काढल्या तर एक पूर्ण प्रकरण उभं राहत नाही. परीक्षा होऊ दे, मग बघू. तोपर्यंत कुणाशी बोलू नकोस. आणि अल्का, शिट्टीची गोष्ट गावात कळणं तुझ्यासाठीच बरं नाही. मी तुझाच विचार करते आहे.'

पाच वेळा वाचलं. बांधीवर नेऊन बी वाचलं.

माहा इचार करून राहिल्या तुमी! तुमाले समजलं. टेप लावला, आयकलं, घडी पाह्यली, समजलं. समजून चूप आहा. मी भेवानं चूप राहते, जलमापासून. तुमाले कायचं भेव? तुमाले तं बोलता येते. मराठीत येते, हिंदीत येते, इंग्रजीत येते. तुमी तं एकदा जंगल खात्याच्या मोठ्या साहेबाले बी तोंडावर म्हनल्या होत्या का नाल्यात जीप आनू नोका. मले केवढं नवल वाटलं होतं तवा.

डिसेंबरात तुमची परीक्षा, अन् डिसेंबरातच कुऱ्हाड. 'मग बघू' म्हनता. मंग काय बघाले राहीन? शाळेचा पाइप फुटला तं दयाळ दुसऱ्या पाइपात जाते. आंबा पडला तं घराच्या वळचनीले येते. शामा नाई येत. तो कुठं जाते ते मले माहीत नाई, तुमाले बी माहीत नाई, अन् तेच तं तुमच्या प्रकरनात लिहाले पायजे होतं, का आमाले माहीत नाई.

मी समितीले सांगू म्हनून काल केशोरावकाकाच्या दारात गेली. कवाड उघडं होतं. ते आत पान खाऊन राहिले होते. म्हनले, "काऊन वं, काय काम हाये?" मी म्हनलं, "काई नाई." वापस आली. एवढंच झालं.

बारा दिवस राह्यले. एका ओळीचं पत्र पुरे हाये. टाइप केल्लं बी चालन.

अल्का


३ ऑक्टोबर २००८

मॅडम,

तुमचं पत्र आलं नाई. काल सभा झाली.

पंचायतीच्या आंगनात सतरंज्या टाकल्या होत्या. बाया एकीकडं, मानसं एकीकडं. मी मायच्या मागं बसली. सचिवानं ठराव वाचला, 'नाल्यालगतची जुनी झाडे व बांबू काढून सागवान लागवड करणे. पक्ष्यांस बाधा पोहोचत नाही, अहवाल सोबत जोडला आहे.' तुमचं पान हातात धरून दाखवलं साऱ्यायले.

केशोरावकाका म्हनले, "कोनाचं काई म्हननं असन तं आताच सांगा. मागून कुरकूर नोको."

उदाराम उठला. "पाखरू आमराईत राहते हे मले पटत नाई जी."

"तुले नाई पटत. तुह्याजवळ कागद हाये का?"

"कागद नाई."

"मंग बस."

तो बसला अन् मी उभी झाली. कशी झाली माहीत नाई. मायनं पदर ओढला. सारे वळून पाहाले लागले. बाबा मानसायत बसले होते, त्यायचं तोंड उघडंच राह्यलं.

"हे बकारामची पोट्टी ना?" कोनीतरी म्हनलं. "हे बोलते का?"

मी तोंड उघडलं. काईच नाई निघालं. नववीतल्यावानीच. गळ्यात गोटा. केशोरावकाका म्हनले, "बस वं माय, बस. घाबरली पोरगी. पानी पाजा तिले." सेवकरामकाका म्हनते, "लिहून दे वं, आमी वाचून घेऊ." हासले सारे.

बोलनं नाई निघालं, पन ओठ गोल झाले होते. मंग मी सिटी वाजवली.

शामाचं वाजवलं. पुरं वाजवलं, वरून खाली, मंग अटकून, मंग चढत. मधात श्वास सरला तं पुन्हा घेतला. डोळे मिटून घेतले होते. मायचा हात पदरावरून सुटला ते समजलं मले. आंगनात एवढी शांतता झाली का मले वाटलं आता बसते तोंडावर.

पहिली अनुसयाबाई ओरडली. "अवो बाई! हेच! हेच ते सिटी! माह्या आमराईत वाजत होती ते हेच!"

देवानंद मागून उठला. "म्हंजे मी कोनाचे कान पकडले वो मावशी?"

"आता मले का माहीत बापा! पोरगी असन असं कोनाच्या सपनात?"

"सपनात नाई, पंचायतीत पकडले मी."

एवढा गलका झाला. कोनी हासून राह्यलं, कोनी मायले बोलून राह्यलं. त्या गलक्यात माहा गोटा सुटला. कोनी माह्याकडं पाहून राह्यलं नोहतं म्हनून सुटला असन. मी म्हनलं, "टेपमधे मी होती. शामा नोहता. सात वेळा मीच होती."

सचिवानं आयकलं. तो म्हनला, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगतलं. कॅसेटचं सांगतलं, अर्ध्या घंट्याचं सांगतलं.

केशोरावकाका तापले. "मॅडम एवढी शिकली, तिच्या मशीननं धरलं, अन् हे आठवी पास पोट्टी आमाले शिकवते?"

सेवकरामकाका म्हनते, "मशीननं हिलेच धरलं ना जी. आताच धरलं असतं तं आताबी शामाच निघाला असता. मी सवता वर पाह्यलं, झाडात."

मंग काय झालं ते आयका, तुमाले वाटन का साऱ्या गावाले शामाची दया आली. नाई आली. सचिवाले आपल्या सहीची काळजी पडली. तो म्हने, "अध्यक्षसाहेब, ठरावात 'बाधा नाही' असं लिहलं हाये, अन् अहवाल खोटा असं साऱ्या सभेनं आयकलं. उद्या कोनी चौकशी लावली तं सही माही हाये. मी नाई करत." केशोरावकाका बहुत बोलले त्याले. तो हालला नाई. शेवटी रजिस्टरात लिहलं, का ठराव पुढं ढकलला. या साली काईच कापाचं नाई. मे महिन्यात पाच जन नाल्यात अन् आमराईत सवता जाऊन पाहातीन, मंग ठरन. पाचात केशोरावकाका बी हायेत. दाखवनारी म्हनून माहं नाव टाकलं. मी अंगठा नाई देल्ला, सही केली.

सभा सरल्यावर देवानंद रस्त्यात आडवा आला. म्हनला, "माहे कान पकडले ते वापस दे." मी तिथंच साऱ्यायपुढं कान पकडले. तो म्हने, "सात वेळा." सात वेळा पकडले. टीना दारात उभी राहून मोजत होती. माय कालपासून माह्याशी बोलली नाई. बाबा जेवताना म्हनले, "सभेत वाजवलं ते कोनतं होतं?" मी म्हनलं, "शामा." ते म्हनले, "हं." बस, एवढंच.

मॅडम, आता माही तुमाले एक गोष्ट सांगाची राह्यली. या पत्रात मी काईच मागत नाई, सांगून राहिली आहो.

तुमी डिसेंबरात परीक्षेले जासान. तुमाले वाटत असन, सात नोंदी काढल्या तं प्रकरन पडते, ठेवल्या तं खोटं होते. कालपासून मी इचार करून राहिली. त्या नोंदी खोट्या नाईत. त्यायच्या पुढं नाव चुकीचं हाये. ते बदला. लिहा का सात सकाळी, आमराईत, दयाळाले शामाचं गानं आयकवलं. तो एकदा बी भांडाले आला नाई. दयाळाचंच आयकवलं तं दरवेळी आला. वाजवनारी अल्का बकाराम रामटेके, कव्हाटोला. दोघं एवढे जवळचे असून एकमेकायले कसे वळखते, हेच पाहाले आल्या होत्या ना तुमी दोन वर्सं? ते तुमच्याजवळ पडलं हाये. 'मदत केली' असं नोका लिहू. मी मदत नाई केली, ते काम मी केलं.

अन् हे बी जमत नसन तं मंग कॅसेटी माह्या घरी पाठवा. माहा आवाज हाये त्यात.

अल्का बकाराम रामटेके